पांडू स्वामी नव्हे, पेशंट आहे

लिहून घ्या हो, पण लिहिताना माझी मराठी धुऊन इस्त्री करू नका. मागें तुमच्या पुण्याहून एक बाई आल्या होत्या, मी बोलत होतें आणि त्या हसत होत्या, अय्या किती जुनी मराठी, किती गोड मराठी म्हणून बोलल्या, जसं काय मी माळ्यावरून काढलेली बरणी. गोड म्हणून मज त्या एकट्याच बोलल्या. बाकी ह्या कुंभकोणमात कोणास पण विचारा, रायर मामी कशी आहे म्हणून, मराठी बोलणाऱ्या आम्हांस हे तमिळ लोक रायर म्हणतात, तर विचारा, जिभेनं तिखट आहे म्हणून सांगतील. असूं दे. तिखट आहे म्हणूनच अजून बुरशी नाही लागली.

माझं नाव सुंदराबाई. जन्म इकडलाच, कुंभेश्वराच्या देवळामागच्या रस्त्यात, ह्याच घरांत, तुम्ही बसलात त्या खोलीच्या मागच्या खोलीत. वडील भांड्यांच्या दुकानांत कारकून, शनिवारी घरी भजन, आई भजनाला आलेल्यांचा स्वयंपाक करून करून वाकलेली. माझं लग्न पट्टीश्वरमास झालं, नवरा भला माणूस, भला म्हणजे कोणाच्या अध्यांत नाही मध्यांत नाही आणि कामांत पण नाही, तो गेला आणि मी कॅरियर घेऊन परत ह्याच घरी आलें. कॅरियर म्हणजे डबा हो, चार ताळांचा, एवर्सिल्वरचा, तुमच्या स्टीलचा. तेव्हापासून हेंच काम. ह्या रस्त्यांत, पुढच्या रस्त्यांत, जिकडेंतिकडें म्हातारे एकटे पडलेत, त्यांस दोन वेळेस जेवण पोचवणें. सार, भात, एक कोरडी भाजी, आठवड्यांतून एकदा आंबट भाजी, ती मात्र माझ्यासारखी कोणास जमत नाही, हें मीच सांगतें, दुसरं कोण सांगणार.

काय सांगू तुम्हांस ह्या म्हाताऱ्यांच्या पोरांविषयी. कोणी अमेरिकेत, कोणी दुबईत. फोन मज करतात. मामी, आप्पा नीट जेवतात का म्हणून मज विचारतात. अरे, आप्पा तिथंच बसलाय, त्याच्या हातात पण फोन आहे, त्यास विचार की. नाही. आप्पास विचारलं की आप्पा बोलत राहतील, मामी कशी, होय म्हणेल आणि ठेवेल. पोरगा झोपतो सुखानं. असे हे शिकलेले.

आणि त्या सगळ्यांत वरचा माझा भाऊ. रघु, रघुनाथराव. माझ्यापेक्षां लहान, पण लहानपणापासून मोठा. कॉलेज शिकला, मद्रासेस गेला, तिथून सिंगापूरला. आमचं घराणं तंजावरच्या दरबारांतलं, सैन्याबरोबर आलेले आम्ही, मराठा रक्त म्हणून तो सगळ्यांस सांगत फिरायचा. मी एकदा बोललें, रघु, सैन्याबरोबर स्वयंपाकी पण येतात की रे, मज माझा हात बघून तेंच खरं वाटतं. तीन महिने फोन नाही केला त्यानं. मज बरं वाटलं.

तर सिंगापूर. तिकडें त्याचं लग्न टिकलं, नोकरी वाढली, मुलगी मीरा इकडें असतानाच झालेली, मुलगा तिकडें झाला. पांडुरंग. गोविंदपुरमच्या विठ्ठलाचं नाव ठेवलं, कारण आमच्या वडिलांची गोविंदपुरमवर फार भक्ती, आणि रघूस पण लोकांपुढे भक्ती आवडते. त्याची बायको शांता, साधी, मज वन्सं वन्सं म्हणून जीव लावणारी, रघुपुढे तोंड न उघडणारी. रघूनं तिकडें कायम राहायचा कागद काढला, सगळ्यांचा. शाळा स्वस्त पडते, घर मिळतं म्हणून. आणि तो कागद काढला की मुलास शाळा संपल्यावर दोन वर्षं मिलिटरीत जावं लागतं, सक्ती, तिकडला कायदाच तसा, सगळ्या पोरांस. हें त्यास ठाऊक होतं हो. कागद घेताना ठाऊक होतं. तेव्हा बोलला, आमची जात लढणाऱ्यांची, पांडू जाईल ऐटीत, फोटो पाठवतों युनिफॉर्मचा म्हणून. पोरगा तेव्हा एवढासा, माझ्या मांडीवर बसून पापड खात होता.

तो पोरगा मोठा झाला आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाआधी सुट्टीस इकडें आला. सगळेच आले, मीरेस बघायला चेन्नईचे लोक येणार होते म्हणून. मी बघितलं, पांडू वाळलाय. ओठ सारखे हलतायत. विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल, जेवताना, चालताना, पाणी पिताना घोटाच्या मधें. उंबरा ओलांडून बाहेर जायचा, परत आंत यायचा, परत बाहेर, परत आंत. न्हाणीत गेला की मज तांदूळ धुवायला पाणी उरायचं नाही. आणि माझी विळी दिसेना. मी स्वयंपाकीण, विळीशिवाय मी काय करूं, सगळं घर शोधलं, तर तांदळाच्या पोत्याच्या मागें, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी परत तसंच. कोण करतं म्हणून बघितलं तर पांडू. बोटांच्या टोकांनी धरून, तोंड वळवून, मेलेला उंदीर उचलावा तशी नेत होता.

मी रघूस बोललें, पोराचं काहीं बरं नाही. रघु हसला. अक्का, तुज दिसत नाही काय, हें नामस्मरण आहे म्हणून बोलला. गोविंदपुरमचं नाव ठेवलं तें फळलं. सिंगापूरसारख्या गावांत राहून पोराच्या तोंडांत चोवीस तास देवाचं नाव, कुठं बघितलंस? आणि विळी? वैराग्य म्हणून बोलला. विळीचं वैराग्य! इंजिनियर हो हा.

मग आमच्या रस्त्याची भजनाची मंडळी. त्यांचे भागवतर, भजन सांगणारे हो, म्हणजे गोष्टच वेगळी, पोट पुढें, झांज मागून येते. त्यांनी पोरास उंबऱ्याशी आंतबाहेर करताना बघितलं आणि डोळे मिटले. देवघर सोडून त्याचं पाऊल बाहेर निघत नाही, बघा, म्हणून बोलले. बाकीच्यांनी च् च् केलं, माना हलवल्या. मी डब्यांत सार ओतत होतें. मनांत आलं, उरलेलं ह्यांच्या डोक्यावर ओतावं. पण सार फुकट जाईल म्हणून नाही ओतलं.

आणि गोविंदपुरमचा उत्सव आला. देवळानं काहीं केलं नाही हो, देवळांत कोण कोठें बसलंय तें त्यांस काय ठाऊक, हें सगळं आमच्या मंडळीचं कर्तृत्व. भजन चाललेलं, पांडू एका खांबास टेकून बसलेला, डोळ्यांतून पाणी, ओठ चाललेले, अन्न नाही पाणी नाही. भागवतरांनी बोट दाखवलं. झालं. एक बाई उठली, त्याच्या पायावर डोकं. मग दुसरी. मग एक बँकेतून रिटायर झालेला माणूस, चांगला शिकलेला, बायकोस खेचत घेऊन आला आणि दोघं आडवे पडले. एकीनं मांडीवरचं पोर त्याच्या पायावर घातलं, सुनेस मूल होत नाही म्हणून दुसरीनं हळद घेतली त्याच्या हातून. आणि माझा भाऊ काय करत होता? फोन धरून उभा. फिल्म काढत होता. सगळीकडें पाठवली, नातेवाईकांस, ऑफिसास, चेन्नईच्या लोकांस. आमच्या कुळांत संत जन्मला म्हणून.

मी दहीभात घेऊन गेलें होतें. मज भक्ती कमी, पण भात वाळतो तें मज बघवत नाही. मी लोकांस बाजूस केलं, काय ढकललंच म्हणा, आणि त्याच्या शेजारी बसलें. बोललें, पांडू, देवास पण नैवेद्य लागतो, तू कोण लागून गेलास, खा. नाही म्हणून मान हलवली. मी विचारलं, का रे? कोणी विचारलंच नव्हतं हो त्यास. एवढे पाया पडले, हळद घेतली, फिल्म काढली, एकानं पण विचारलं नाही, बाबा, तू हें का करतोस म्हणून. मज काय वेगळं कळत होतं असं नाही, मज आपलं वाटलं कोणी करणी केली असेल. विचारलं म्हणून कळलं, एवढंच.

तो हळूच बोलला, नावाच्या मधें मधें, आत्ते, मी देवासाठी नाही घेत नाव. मी थांबलों तर अम्मा मरेल. त्याच्या डोक्यांत चित्र येतं. त्याच्याच हातात विळी आणि समोर अम्मा. तें चित्र आलं की सगळं नाव वाया, परत पहिल्यापासून. उंबरा ओलांडताना आलं की परत ओलांडायचा. पाणी अंगावर घेताना आलं की परत घ्यायचं. मी तसा नाही आत्ते, मी अम्मेस कधी काही करणार नाही, मग तें का येतं, म्हणून रडायला लागला. आणि समोर ते रिटायर झालेले हात जोडून, बघा, प्रेमाश्रू म्हणून बायकोस दाखवतायत.

मग पांडूनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. अम्मेस सांगायचं नाही, कोणाच्या तोंडातून हें अम्मेपुढे निघालं की तें होणारच म्हणून बोलला. सरी रे राजा, नाही सांगत, म्हणून मी बोललें. आणि चार घास भरवले. खाल्ले त्यानं, ओठ हलवत हलवत.

घरी येऊन रघूस एवढंच सांगितलं, ही भक्ती नाही, भीती आहे, पोर आतून जळतंय, डॉक्टरकडे ने, तंजावरला ने, त्रिचीला ने, कोठें पण ने. रघु दार लावून घेऊन माझ्यावर ओरडला. मीरेचं जुळतंय, पैत्यम् हा शब्द ह्या घरांत काढायचा नाही म्हणून. पैत्यम् म्हणजे वेड हो, मी तो शब्द काढलाच नव्हता, त्यानंच काढला. तुज स्वयंपाकाखेरीज काय कळतं म्हणून पण बोलला. आणि मजा बघा, चेन्नईच्या लोकांस ती फिल्म एवढी आवडली की त्यांनी त्यावरच होय म्हणून सांगितलं. ज्या घरात असा भाऊ त्या घरची मुलगी आम्हांस पाहिजे म्हणून. मीरेचं लग्न लागलं. लग्नात पांडूस मांडवांत खुर्ची देऊन बसवला, वर पुष्पहार. पोरगा नवऱ्यापेक्षा जास्त फोटोंत आहे.

लग्न झालं आणि मिलिटरीचं बोलावणं आलं, तपासणीस या म्हणून. पांडूनं तेव्हा बापास आपल्या तोंडानं सांगितलं, अप्पा, मी बंदूक हातांत धरूं शकत नाही, मज डॉक्टरकडे न्या. बाप काय बोलला? मराठा रक्त आहे तुझ्यांत, दोन वर्षं शिस्तीत राहिलास की सगळं जागेवर येईल. ज्यास माझी विळी बघवत नाही त्याच्या हातात हा बंदूक देणार होता. पोरानं मग खोलीच्या बाहेर यायचंच सोडलं. जेवण दाराशी ठेवायचं, तें पण परत. शांतेनं मज फोन केला, वन्सं, पोर हातचं जातंय म्हणून.

तेव्हा रघु जागा झाला. आणि जागा झाला तो एकदम दुसऱ्या कुशीवर. अत्ता मुलगी उजवली होती ना, अत्ता पैत्यम् चालेल. वेडाच्या नावाखाली मिलिटरीतून सोडवायचं म्हणून तिकडल्या एका डॉक्टरणीकडे घेऊन गेला. ती डॉक्टरीण तमिळ, शांत बाई. तिनं विचारलं, कधीपासून? पुष्कळ वर्षं, म्हणून रघु. कोणास दाखवलं? कोणास नाही. औषध? नाही. कोणी बघितलंय? सगळ्या कुंभकोणमानं बघितलंय म्हणून रघु बोलला आणि ती फिल्म दाखवली. तिनं फिल्म बघितली. म्हणाली, हे लोक तर ह्याच्या पाया पडतायत. पांडूस विचारलं तर पांडू मुका, कारण अम्मा शेजारी बसलेली, आणि तिला बाहेर पाठवलं तरी मुका, तोंडातून निघालं की होणार ना. डॉक्टरीण बोलली, पोर बरं नाही हें मज दिसतं, पण मनांत काय आहे तें कळल्याशिवाय मी काय औषध देऊं आणि काय लिहूं. मिलिटरीचे डॉक्टर विचारतील, आधी काय होतं. पोरास मिलिटरी नको असलेले सगळेच बाप असंच सांगत येतात. आधी बघितलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी माझं बोलणं करून द्या.

म्हणून रघु विमानानं इकडें आला, साक्षीदार गोळा करायला. मी तो आठवडा जन्मभर विसरणार नाही, एवढी करमणूक मज कधी झाली नाही. भागवतरांकडे गेला, स्वामी, माझा मुलगा आजारी होता म्हणून डॉक्टरणीस फोनवर सांगा. भागवतरांनी कानांवर हात ठेवले. भक्तास वेडा म्हणूं? नरकांत जाऊं? रघु बोलला, तो भक्त नाही हो, आजारी आहे. भागवतर बोलले, बाप असून असं बोलतोस, देव क्षमा करो. त्या रिटायर झालेल्यांकडे गेला, तर त्यांच्या बायकोची गुडघेदुखी पांडूच्या पाया पडून गेलेली, ती दोघं ऐकेनात. हळद घेतलेल्या बाईच्या सुनेस तर दिवस राहिलेले. ती रघूच्या अंगावर धावून आली, माझा नातू येतोय त्या पोराच्या पुण्याईनं, त्यास पैत्यम् म्हणता, तुमची जीभ झडेल म्हणून. स्वतः काढलेल्या फिल्मनं स्वतःचं तोंड बंद. चार दिवस तो असा घरोघर फिरला, घाम पुसत, आणि प्रत्येक घरी त्यास त्याच्याच पोराचा मोठेपणा ऐकायला मिळाला. कॉफी पण मिळाली. चांगली कॉफी देतात आमच्याकडे.

मग माझ्याकडे आला. शेवटी माझ्याकडे, घरांतच होतें ना मी. अक्का, तू सांग. मी बोललें, मी कधीच सांगितलं होतं. तें सोड म्हणून बोलला, अत्ता नीट सांग. आणि मज शिकवायला बसला. कपडे फाडायचा म्हणून सांग. चावायचा म्हणून सांग. भिंतीवर डोकं आपटायचा, रस्त्यांत पळायचा. जास्त सांगितलं तरच सोडतील. मी बोललें, रघु, तेव्हा होतं तें नाही म्हणालास, अत्ता नाही तें होतं म्हणतोस, खरं काय आहे त्याच्याशी तुझं काहीं वैर आहे काय? मी खालीं बसून कांदा चिरत होतें, तो खुर्चीवर, दोघांस पण डोळ्यांत पाणी होतं, माझं कांद्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन लावला, तोंडं दिसतात तसला. तिकडें डॉक्टरीण, पांडू आणि शांता. इकडें मी तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर हो, आणि रघु माझ्यासमोर फोन धरून उभा. डॉक्टरीण तमिळमध्ये बोलली, अम्मा, घाबरू नका, जें बघितलं तें सांगा. मी सांगितलं. उंबरा सांगितला, न्हाणी सांगितली, विळी सांगितली. फोनच्या मागून रघु हातवारे करतोय, शर्ट धरून ओढतोय, फाड फाड म्हणून, दांत दाखवतोय, चावायचा सांग म्हणून. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकल थांबवून बघत होता, त्यास वाटलं वेड रघूस लागलंय. मी डॉक्टरणीस बोललें, कपडे नाही फाडले, चावला नाही, माझा भाचा सोन्यासारखा आहे, तो घाबरलाय.

कशास घाबरलाय, तिनं विचारलं.

अत्ता बघा. मज ठाऊक होतं. तिकडें शांता बसलेली. तिला एवढंच ठाऊक, पोरास देवाचं वेड लागलं आणि तें वाढलं. आणि माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवून मी शब्द दिलेला. मी पांडूकडें बघितलं, एवढ्याशा त्या चौकोनांत. तो समजला, मी सांगणार म्हणून. त्यानं काय केलं ठाऊक आहे? आपले कान नाही झाकले. उठला, आईच्या मागें जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी आईचे कान झाकले. ओठ चाललेले. मज वाटलं, फोन त्या रघूच्या तोंडावर मारावा, त्या भागवतराच्या पोटावर मारावा, त्या सगळ्या पाया पडणाऱ्यांस एका ओळींत उभं करून विचारावं, ह्या हातांकडून हळद घेतलीत ना, बघा अत्ता हे हात काय करतायत.

शांता, ती कधी तोंड न उघडणारी बाई. तिनं पोराचे हात आपल्या कानांवरून काढले, पण सोडले नाहीत, मांडीवर धरून ठेवले, आणि मज बोलली, सांगा वन्सं.

मी सांगितलं. तमिळमध्ये सांगितलं डॉक्टरणीस, आणि मग मराठींत सांगितलं शांतेस, कारण असली गोष्ट आपल्या भाषेत ऐकायला पाहिजे. नाव थांबवलं तर तू मरशील म्हणून तो घाबरतो. त्याच्या हातून मरशील म्हणून घाबरतो. म्हणून विळी लपवतो, म्हणून बंदूक नको म्हणतो. भक्ती नाही ही शांते, तुझ्यावरची माया आहे, ती कुजलीय आत. पांडू आईकडे बघत होता, श्वास बंद करून, अत्ता होणार, अत्ता होणार म्हणून. ओठ थांबलेले त्याचे, मी पहिल्यांदा बघितले थांबलेले. शांतेनं त्याच्या हातांवर हात फिरवला आणि बोलली, एवढी वर्षं एकटाच सांभाळलंस मज? आणि इकडें रघु, त्याचे हातवारे थांबले, त्यानं फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि आंत गेला. त्याच्याविषयी मज एवढंच चांगलं सांगता येतं, की त्या दिवशी तो बोलला नाही.

मग औषध सुरूं झालं. नाव आहे त्या आजारास, इंग्रजी, मज म्हणता येत नाही, पुष्कळांस होतो म्हणे. मिलिटरीच्या डॉक्टरांनी आपला डॉक्टर लावून परत तपासलं, पांडू त्यांच्याशी स्वतः बोलला, सगळं बोलला, आणि त्यांनी नको म्हणून लिहून दिलं. सुटला. चांगली माणसं असतील ती, किंवा कामाची पद्धत बरी असेल, पाया मात्र कोणी पडलं नाही.

तुम्हांस वाटेल, रघु सुधारला. हो, वाटेल! पुढच्याच उत्सवास आला आणि भागवतरांस सांगितलं, पांडूचं तेज बघून तिथल्या मोठ्या साहेबानं टोपी काढली आणि ह्या पोरास आम्ही हात लावणार नाही म्हणून सोडून दिलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. भागवतरांनी परत डोळे मिटले. शाल पांघरायची म्हणून ठरवलं. ह्या लोकांचं काहीं होणार नाही. मी शाप पण देत नाही, फुकट कशास घालवूं.

ह्या सुट्टीत पांडू एकटाच आला माझ्याकडे. महिनाभर राहिला. कॉलेजात जाणार अत्ता. अंगानं भरलाय थोडा. ओठ अजून हलतात मधें मधें, पण जेवताना नाही. सकाळी तिण्णैवर रांग लागायची, फळं घेऊन, पोरं घेऊन, तो नातू झालेली पण आली, नातू घेऊन. मी दारांत उभी राहायचें, झारा हातात. स्वामी कोठें म्हणून विचारलं की सांगायचें, स्वामी नाही इकडें, पेशंट आहे, गोळी घेऊन झोपलाय, फळं ठेवा आणि जा. फळं ठेवायचे हो. केळी फार आली.

शेवटच्या आठवड्यांत एक दिवस पांडू स्वयंपाकघरांत आला, माझ्यासमोर बसला आणि बोलला, आत्ते, मी चिरूं काय. मी विळी त्याच्याकडे सरकवली आणि चुलीकडें तोंड केलं. एक दोडका चिरायला त्यास एवढा वेळ लागला की माझं सार आटलं. ओबडधोबड तुकडे. म्हाताऱ्यांनी विचारलं, मामी, आज भाजी कोणी चिरली, हात बिघडला काय तुमचा. मी बोललें, खायचं तर खा.

काल गेला तो. तुम्ही काल आला असता तर बघितलं असतं. टॅक्सी दाराशी, बॅग खांद्यावर, मज वाकून नमस्कार केला. आमच्याकडे दीर्घायुषी हो, सुखी हो म्हणून आशीर्वाद द्यायची पद्धत. तो मी नाही दिला. एवढ्या लोकांनी त्याच्या पायांशी एवढं पुण्य ओतलं, त्यानं काय झालं तें बघितलंय मी. मी त्याच्या डोक्यावर तोच हात ठेवला आणि बोललें, पांडू, तुझी अम्मा मरेल. एक दिवस मरेल, म्हातारी होऊन, दांत पडून, नातवंडं बघून, आपल्या मरणानं मरेल. मी पण मरेन. आणि त्यांत तुझा काहीं हात असणार नाही. जा.

त्यानं माझ्याकडें बघितलं. ओठ हलले नाहीत. उंबरा ओलांडला आणि टॅक्सीपाशी गेला. तिथून एकदा वळून बघितलं. एकदा तर कोणी पण बघतं.